सीमेच्या अलीकडचं स्टेशन

"हसू नका!" अश्लेषा पडद्याबाहेरून म्हणाली.

जर्मनीतल्या ड्रेस्डेन स्टेशनात, फोटोच्या यंत्रात कोणीतरी मराठीत वैतागत होतं... "अरे, आता काय झालं बाबा तुला?" यंत्र मात्र एकामागून एक फोटो नाकारत होतं. पडदा सरकला आणि विस्कटलेल्या केसांचा एक मुलगा बाहेर डोकावला. तिला बघून तो हसलाच.

"हेच ते! बायोमेट्रिक फोटोत हसलेलं चालत नाही. तोंड मिटा आणि सरळ समोर बघा."

"समोर तुम्ही उभ्या असताना जमलं नाही तर?"

"तर मागच्यांची ट्राम चुकते. मागे मीच आहे."

त्याचं नाव श्रीरंग. चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होता, आणि फोटो हवा होता तो नव्या नोकरीच्या ओळखपत्रासाठी. नोकरी जर्मनीतच, पण दूर रेगेन्सबर्गला, पुढच्याच महिन्यात. अश्लेषा इथे पीएचडी करत होती आणि मराठी मुलांच्या सहलींची सगळी उठाठेव आपणहून अंगावर घ्यायची. पुढची सहल प्रागची होती. दोघांनी स्टेशनातच कॉफी घेतली, ती संपेपर्यंत श्रीरंगचंही नाव यादीत लागलं.

मग त्याच्या शंका सुरू झाल्या.

"चेकियात युरो चालतात?"

"तिथे कोरुना. कार्ड चालतं, थोडे रोख ठेव."

"विमा?"

"आपलं हेल्थ कार्ड. त्याची मागची बाजू युरोपभर चालते."

"धपाटे सीमेवर जप्त होतील?"

"नाही. पण मी करीन."

रोज एक शंका यायची. एके दिवशी आली नाही, तर अश्लेषाला जेवण गोड लागेना. तेव्हा तिने मैत्रिणीपाशी, संपदापाशी, कबूल करून टाकलं.

"मग सांग ना त्याला!" संपदा म्हणाली.

"सांगणार आहे... प्रागला. शनिवारी सहल, सोमवारी तो जाणार. तेव्हा नाही सांगितलं, तर दिवाळीच्या शुभेच्छांपुरते उरू आम्ही."

शनिवारी गाडी एल्ब नदीच्या काठाने निघाली. बाहेर पाऊस भुरभुरत होता, डब्यात धपाट्यांचा डबा फिरत होता. अश्लेषा उठून उभी राहिली. "पासपोर्ट आणि रेसिडेन्स कार्ड, दोन्ही दाखवा मला."

"बाईंची तपासणी आली!" रोहन ओरडला. हा तिच्याच लॅबमधला.

श्रीरंगने कार्ड दिलं आणि सोबत एक चकचकीत कागद पुढे केला.

"हे काय?"

"पासपोर्टची रंगीत झेरॉक्स. लॅमिनेट केलीय!"

"आणि मूळ पासपोर्ट?"

"कपाटात, कुलपात. आईने बजावलंय, परक्या मुलखात पासपोर्ट जिवापाड जप, घेऊन भटकू नकोस."

अश्लेषाने कपाळावर हात मारला. जगभरचं सगळं विचारलं याने, नेमकं हेच विचारलं नाही!

"जाऊ दे ना गं," रोहन म्हणाला. "कोण बघतंय?"

"परतताना गाडीत पोलीस चढतात, त्यांना झेरॉक्स चालत नाही. सापडला तर?"

"दंड भरेल."

"ऐन नोकरी बदलताना? त्यातून काही भानगड झाली तर निस्तरणार कोण?"

पुढचं स्टेशन बाड शांडाउ. सीमेच्या अलीकडचं शेवटचं. श्रीरंगने बॅग खांद्याला लावली. "बरोबर आहे तिचं. आल्झो, चला तर मग... मजा करा." मग दाराशी तो हळूच म्हणाला, "माझ्या जागी दुसरा कोणी असता, तरी उतरवलंच असतंस ना?"

"गेनाऊ. अगदी," ती म्हणाली.

तो उतरला आणि पाठमोरा चालू लागला. अश्लेषाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला त्याचा राग आला, त्याच्या आईचा आला, सगळ्यात जास्त स्वतःचा आला. दार बंद झालं असतं तर तिचं काहीच चुकलं नसतं. सगळं नियमात बसलं असतं... आणि तो सोमवारी निघून गेला असता.

"संपदा, तिकिटं तुला पाठवलीयत. परतीची गाडी चुकवू नका."

"अगं, आणि तू?"

तोवर अश्लेषा खाली उतरली होती. मागे दार मिटलं आणि गाडी प्रागच्या दिशेने निघून गेली.

गाडीच्या आवाजाने श्रीरंग वळला आणि बघतच राहिला. "तुझाही पासपोर्ट घरी राहिला?"

"माझा आहे. मूळ."

"मग उतरलीस कशाला?"

"दुसरा कोणी असता तर त्यालाही उतरवलं असतं. त्याच्यामागे उतरले नसते."

तो दोन पावलं परत आला. "म्हणजे... मी जे समजतोय तेच ना?"

"तेच. मला तू आवडतोस, श्रीरंग. प्रागच्या पुलावर सांगणार होते, आता या फलाटावर ऐक."

त्याने बॅग खाली ठेवली. "तुला एक सांगू? त्या सगळ्या शंकांची उत्तरं इंटरनेटवर होती."

"होती. मीही तिथूनच बघून सांगत होते."

दोघं हसली. फलाटावर दुसरं कोणी नव्हतं. त्याने हात पुढे केला, तिने तो धरला. मग त्याचा चेहरा एकदम उतरला.

"पण सोमवारी मला जावंच लागेल गं."

"जा की," ती त्याचा हात न सोडता म्हणाली. "ड्रेस्डेनहून रेगेन्सबर्गला यायला मला कुठली सीमा ओलांडावी लागणार आहे?"