काचेवरचा अंगठा

“तुमच्या गाडीने मला डोळा मारला.”

संध्याकाळी गेटमधून गाडी आत घेताना अनोळखी माणूस असं काही म्हणाला, तर बाईने काच वर करावी, हा शिरस्ता. तिने काच आणखी खाली केली. चष्म्याच्या दुकानात सात वर्षं काढली होती तिने. समोरचा माणूस आगाऊ आहे की नुसता खट्याळ, हे तिला त्याच्या नाकावर फ्रेम टेकवेपर्यंत कळायचं.

“तिचा तसा स्वभाव नाही,” ती म्हणाली.

“मग आजारी असेल. उजवा दिवा गेलाय तिचा.” तो वाकून पुढच्या दिव्याकडे बघत होता. “गॅरेजला कशाला नेता? रविवारी सकाळी इथेच बदलून देतो. दहा मिनिटांचं काम. तळमजल्यावर नवीन आलोय मी… वजनकाटे तपासतो.”

तेव्हापासून तिच्या घरात त्याचं नाव ‘काटेवाला’ पडलं. ठेवलं आत्याने. ही आणि आत्या, दोघीच राहायच्या पहिल्या मजल्यावर.

रविवारी काटेवाल्याने बॉनेट उघडलं, दिव्यामागचं रबरी झाकण काढलं आणि बारीक तारेची स्प्रिंग सोडवून मेलेला बल्ब बाहेर घेतला. मग खिशातून पांढरे सुती हातमोजे काढून चढवले, तेव्हा कुठे नवीन बल्बचं खोकं फोडलं. बल्ब धरला तोही बुडाशी, पत्र्याच्या कड्याला.

“एवढं सोवळं?” तिने विचारलं.

“काचेला बोट लागलं की बोटाचं तेल राहतं. दिवा लागला की तेवढाच डाग जास्त तापतो, मग बल्ब महिनाभरही टिकत नाही. आणि सवयच आहे हो. आमची मापाची वजनंसुद्धा आम्ही उघड्या हाताने धरत नाही.”

दिवसभर गिऱ्हाइकांच्या अंगठ्यांचे ठसे पुसणाऱ्या मुलीला काचेला हात न लावणारा पुरुष भेटला, तर तिचं काय व्हायचं? तेच झालं. दहा मिनिटांच्या कामाला पाऊण तास लागला, आणि त्याबद्दल दोघांपैकी कुणाचीच तक्रार नव्हती.

तक्रार सुरू झाली ती पुढच्या रविवारी.

तिसऱ्या मजल्यावर एक डान्स टीचर राहायची. उंच, केसांच्या अंबाड्यात पेन्सिल खुपसलेली, हसली की खांद्यापासून टाचेपर्यंत हसायची. तिच्या गाडीचे दिवे मंद झाले होते. चष्मेवालीच्या गॅलरीसमोरच खाली तिची गाडी उभी असायची, आणि आता तिच्या बॉनेटवर काटेवाला वाकला होता. चष्मेवालीने धुतलेली चादर घेतली आणि गॅलरी गाठली.

त्याने टीचरचे दोन्ही दिवे बदलले. दोन्ही! आपला फक्त एक.

“दोन्ही एकदमच बदलतात,” खालून टीचरचा आवाज आला, “हे मलासुद्धा माहीत आहे हं!”

म्हणजे तिच्यासाठी रीतसर काम, आणि आपली नुसती बोळवण. चष्मेवालीने चादर दोरीवर टाकली, काढली, झटकली, परत टाकली. काटेवाल्याने एकदा वर पाहिलं. तिने ताबडतोब चादरीच्या आड तोंड लपवलं.

पंधरा दिवसांनी टीचरचा उजवा दिवा गेला. काटेवाला पुन्हा हजर.

“नवीन बल्ब पंधरा दिवसांत जातो होय?” ती आत्यासमोर फणफणली. “मुद्दाम घालवत असेल ती! आणि माझा बघ, मेला कसा लख्ख जळतोय.”

“तुझा दिवा चांगला आहे, तर रडतेस कशाला?”

“माझं काम करताना याचं सगळं लक्ष बल्बमध्ये होतं. म्हणून टिकलाय. तिचं काम करताना लक्ष तिच्यात असणार, म्हणून जातोय!”

“असेल बाई,” आत्या पेपरातून मान वर न करता म्हणाली. “पण ती चादर किती वेळा वाळत घालणार आहेस? सकाळपासून तीन वेळा घातलीस. कोरडी ठणठणीत आहे.”

तिने ती कोरडी चादर चौथ्यांदा नेली.

आणखी पंधरा दिवस गेले, आणि टीचरचा तोच उजवा दिवा पुन्हा मालवला. आता मात्र चष्मेवालीच्या डोक्यात तिडीक गेली. एकदाचं काय ते समजू दे. त्याचं मन वरच्या मजल्यावर गुंतलं असेल, तर संध्याकाळी आपलं गेटपाशी रेंगाळणं उद्यापासून बंद. ती तरातरा जिना उतरली.

काटेवाला नुकताच बल्ब काढून बाजूला ठेवत होता. टीचर चहाचा कप घेऊन शेजारच्या गाडीला टेकली होती. चष्मेवालीने कुणाला न विचारता तो मेलेला बल्ब कड्याला धरून उचलला आणि उजेडात फिरवला. सात वर्षांची नजर ती. काचेवर, एका बाजूला, भाजून पांढुरका झालेला ठसा होता. रुंद, जरा तिरका.

“अंगठा आहे,” ती म्हणाली.

काटेवाल्याने आपला हात हळूच पाठीमागे नेला.

“तुमचाच. मापाच्या वजनाला बोट न लावणारा माणूस! हातमोजे कुठे होते तुमचे?”

“स्प्रिंग सोडवताना काढावे लागतात… घालायचे राहिले.”

“दोन्ही वेळा?”

“…दोन्ही वेळा.”

“आणि लक्ष कुठे होतं?” आवाज जरा चढला, आणि शेवटी नको तिथे कापला. तिने टीचरकडे पाहिलंही नाही. पण सगळं तिच्याकडेच बघून बोलल्यासारखं झालं.

टीचर आधी चहात हसली, मग कप खाली ठेवून मोकळी हसली. “अगं बये, माझ्यावर जळतेस होय? मी सांगते लक्ष कुठे होतं. हा हातमोजे काढतो, स्प्रिंग सोडवतो, बल्ब हातात घेतो… आणि नेमकी तेव्हा तू वर चादर घेऊन येतेस. मग याचे हात इथे आणि मान तिथे! दोन बल्ब गेले माझे. आता एक तर चादर घरात वाळव, नाहीतर याच्याशी बोल. मला क्लासला जाताना दोन दिवे लागतात.”

कप उचलून ती निघून गेली. जाताना जिन्यावरही हसत होती.

अंगणात दोघंच उरली. चष्मेवालीचे कान तापले होते.

“माझ्या वेळी नाही चुकलात ते?” तिने हळूच विचारलं.

“तेव्हा तुम्ही शेजारी उभ्या होतात,” तो म्हणाला. “मान वर करावी लागत नव्हती.”

मग तिने राहिलेली एकच तक्रार पुढे केली. “पण तिचे दोन्ही बदललेत. माझा एकच.”

“ते… मुद्दाम.” काटेवाला बॉनेटच्या दांडीशी उगाच चाळा करत होता. “डावाही जुनाच होता तुमचा. म्हटलं, चार दिवसांत जाईल, मग तुम्ही हाक माराल. रोज संध्याकाळी गेटपाशी उभा राहून बघतो. गाडी वळते, दोन्ही दिवे लख्ख! एवढा चिवट बल्ब मी आयुष्यात पाहिला नाही हो.”

ती सरळ आपल्या गाडीशी गेली आणि बॉनेट उघडलं.

“काढा तो.”

त्याने स्प्रिंग सोडवली, हातमोजे घातले, डावा बल्ब काढला आणि बुडाशी धरून तिच्यापुढे केला. सात वर्षं दुसऱ्यांचे ठसे पुसत आलेल्या त्या मुलीने आपला उघडा अंगठा काचेच्या मधोमध नीट टेकवला, दाबला आणि मगच उचलला.

“अहो! जाईल ना आता तो!”

“कधी?”

“पंधरा दिवस… फार तर तीन आठवडे.”

“तोवर काय करायचं?”

काटेवाल्याने बल्ब परत दिव्यात बसवला. हातमोजे काढून खिशात कोंबले. मग अंगठ्याला धूळ लागलीये, पुसून देतो, असं काहीसं पुटपुटत त्याने तिचा हात धरला, आणि पुसून झाल्यावरही परत दिला नाही.

“अगं ए,” वरून आत्याचा आवाज आला, “तुझी चादर राहिली ना वाळत घालायची!”

या खेपेला मात्र वर कुणीच बघितलं नाही.