रहाड कोणत्या चौकाची?

माणसानं पुढं बघून चालावं, आणि तेवढं जमत नसेल तर निदान मागं वळून तरी बघावं. हा माणूस दोन्हींतलं काहीच करत नव्हता. हातातल्या भल्यामोठ्या फोटोत नाक खुपसून तो नाशिकच्या गंगाघाटावर एकेक पाऊल मागं, मागं, मागं सरकत होता... आणि मोहिनी "अहो, अहो!" म्हणेपर्यंत तिच्या झेंडूच्या ढिगात चक्क बसलासुद्धा.

सकाळचे सात वाजले होते. माघातलं कोवळं ऊन नुकतं पायऱ्यांवर उतरलं होतं, आणि मखमलाबादच्या मळ्यातून पहाटे तोडून आणलेली फुलं अजून ओली होती. आता त्यातली अर्धी या गृहस्थाखाली होती.

"बसा की निवांत," मोहिनी म्हणाली. "चहा सांगू?"

शेजारी बेल-दुर्वा विकणारी रंगूबाई फिस्सकन हसली. तो धडपडत उठला. पँटला पिवळ्या पाकळ्या चिकटलेल्या, कान लालबुंद.

"सॉरी... खरंच सॉरी. मी ही जागा शोधतोय. आठ दिवस झाले, सापडतच नाही."

त्यानं फोटो पुढं केला. काळा-पांढरा, शंभर वर्षं जुना असेल. नदी, पायऱ्या, देऊळ, धुणं धुणाऱ्या बायका. मोहिनीनं एकदा फोटोकडं बघितलं, एकदा त्याच्याकडं.

"सापडणार नाही."

"का? पुरात गेली?"

"पुरात कशाला जाईल? अशी जागा कधी नव्हतीच. या बाईचा पदर कुठल्या खांद्यावर आहे?"

"उजव्या."

"हिचा?"

"उजव्या."

"आणि त्या पलीकडचीचा? एखादी गुजराथीण असेल म्हणू, पण सगळा घाटच गुजराथी? आणि हे धोतरवाले आजोबा डाव्या हातानं गंध लावताहेत. अहो, फोटो उलटा छापलाय तुम्ही! नारोशंकराचं देऊळ नदीपलीकडं नेऊन ठेवलंत, आणि शोधताय आठ दिवस."

तो फोटोकडं बघत राहिला. "काच..." तो पुटपुटला. "स्कॅन करताना काच पालथी ठेवली मी..." आणि मग तो हसायला लागला. मान मागं टाकून, मोठ्यानं, स्वतःलाच. मोहिनी बघतच राहिली. स्वतःच्या चुकीला इतकं मोकळेपणानं हसणारा पुरुष तिनं आजवर पाहिला नव्हता. घरात तर नाहीच नाही.

नाव समर्थ. देवळाली कॅम्पात वडलांचा फोटो स्टुडिओ होता. लष्करातल्या पोरांचे पासपोर्ट फोटो आणि बदलीवर निघालेल्या कुटुंबांचे ग्रुप फोटो, यावर तो चालायचा. गेल्या दिवाळीत माळा साफ करताना समर्थला एक लाकडी पेटी मिळाली. स्टुडिओच्या आधीच्या मालकाची, काचेच्या निगेटिव्हनी भरलेली. प्रत्येक काचेवर जुना गंगाघाट होता, पण कुठं काही लिहिलेलं नव्हतं. रंगपंचमीच्या आदल्या दिवशी घाटाजवळच्या एका हॉलमध्ये या फोटोंचं प्रदर्शन भरवायचं त्यानं ठरवलं होतं. प्रत्येक फोटोखाली जागेचं नाव, शेजारी त्याच जागेचा आजचा फोटो. आता अडचण एवढीच, की कॅम्पात वाढलेल्या या पोराला घाटावरची कुठलीच जागा धड ओळखू येत नव्हती.

मोहिनीला सगळ्या येत होत्या. बी.एस्सी. झालेली असली तरी लहानपणापासून वडलांबरोबर, म्हणजे आण्णांबरोबर, ती इथं फुलं विकायला यायची, आणि घाटाची पायरीन् पायरी तिच्या पायाखालची होती.

दुसऱ्या दिवशी तो आला. तिसऱ्या दिवशीही आला. रोज सकाळी कॅम्पातून बस धरून, एकच फोटो घेऊन. मोहिनी गिऱ्हाईक सोडून जागा सांगायची, तो तिथं जाऊन आजचा फोटो काढायचा, आणि परत येऊन फुलांच्या उलट्या कॅरेटवर बसून चहा प्यायचा. बसायची त्याला आता सवयच झाली होती, फक्त झेंडू वाचला होता.

"रोज एवढ्या लांबून येता," एकदा तिनं हार ओवता ओवता विचारलं. "सगळे फोटो एकदम का नाही आणत?"

"एकदम आणले तर... घाई होते. बारकावे सुटतात."

"हो का!"

"हो ना. बारकावे फार असतात."

हे म्हणताना तो फोटोकडं बघत नव्हता. मोहिनीची सुई बोटात घुसली.

तिला राग एका गोष्टीचा यायचा. म्हाताऱ्या पायऱ्यांचा फोटो काढायला हा माणूस तास तास घालवायचा, आणि समोर बसलेल्या माणसाचा एकही काढत नव्हता. शेवटी तिनं बोलून दाखवलंच.

"विचारल्याशिवाय माणसांचा फोटो काढू नये, असं बाबांनी शिकवलंय," तो म्हणाला.

"मग विचारावं."

"भीती वाटते."

"कसली?"

"नाही म्हणाली तर..."

"कोण?"

"...कुणीही."

"लय गोड हाय गं हे कॅम्पातलं पोरगं," तो गेल्यावर रंगूबाई म्हणाली. "पर असाच भीत ऱ्हायला तर तुझं केस पिकतील."

"मावशी, दुर्वा विका तुम्ही," मोहिनी म्हणाली. पण त्या दिवशी तिनं अबोलीचा गजरा विकायचा सोडून स्वतःच माळला.

दोन आठवडे असे उडून गेले. आणि एका सकाळी तिनं सहज विचारलं, "आता किती राहिले?"

"झाले... चार-पाच असतील."

मोहिनीनं बोटांवर मोजलं. चार-पाच फोटो म्हणजे चार-पाच सकाळी, आणि नंतर? नंतर घाट होता, फुलं होती, रंगूबाई होती, आणि समोर ते रिकामं कॅरेट. त्याचा नंबरसुद्धा तिच्याकडं नव्हता. इतक्या दिवसांत नंबर मागायचं धाडस दोघांपैकी एकालाही झालं नव्हतं, यावर रंगूबाईचा आजही विश्वास बसत नाही.

म्हणून मोहिनी खोटं बोलली.

पिंपळाखालच्या पायऱ्यांचा फोटो त्यानं पुढं केला. तिनं क्षणात ओळखला. आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "नाही बाई लक्षात येत. सुंदरनारायणाच्या बाजूला बघून या." तो गेला, उन्हात भटकला, आणि दुसऱ्या दिवशी आला. "तिथं नाही." "मग टाळकुटेश्वराकडं असेल." एकेका फोटोला दोन-दोन, तीन-तीन दिवस पुरायला लागले.

"पोरी, ती जागा तुला ठावं नाय?" रंगूबाईनं डोळे बारीक केले. "रोज तिथंच तर चपला काढती तू!"

"मावशी, पाया पडते, गप्प बसा."

मग आला रहाडीचा फोटो.

नाशिकबाहेरच्या माणसाला रहाड समजावून सांगावी लागते. जुन्या गावात काही चौकांत पेशवाईपासूनचे दगडी हौद आहेत. वर्षभर ते फळ्या आणि मातीखाली झाकलेले असतात, वरून स्कूटरी जातात. रंगपंचमीला तेवढे उघडतात, फुलं उकळून रंग करतात, पूजा होते, आणि मग गावातले लोक त्यात धपाधप उड्या मारतात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. चिंचेच्या चौकाची पिवळी, घंटा चौकाची केशरी. दोन्ही चौकांना आपलीच रहाड थोरली वाटते, आणि या विषयावर तिथली शहाणीसुरती माणसंही वर्षानुवर्षं एकमेकांशी धड बोलत नाहीत. दोन्हीकडं मान फक्त एकाच माणसाला होता. मोहिनीचे वडील पुंजारामआण्णा. कारण पिवळा झेंडू त्यांच्या मळ्यातून जायचा, आणि केशरीही.

फोटोत रहाड होती, माणसं होती, उडी मारणारा एक पोरगेला पैलवान हवेत होता. कोपऱ्यातल्या ओट्याचा तुटका दगडी चिरा बघताच मोहिनीनं ओळखलं. चिंचेचा चौक. पण काळ्या-पांढऱ्या फोटोत रंग कुठं कळतो?

"घंटा चौक," ती म्हणाली. आता हा तिथं जाईल, त्याला तो चिरा दिसणार नाही, उद्या परत येईल, मग हसत हसत खरं सांगू, असा तिचा साधा हिशेब.

समर्थनं मात्र खिशातली पेन्सिल काढून फोटोमागं लिहून टाकलं.

"जाऊन बघत नाही?" तिनं घाबरून विचारलं.

"तुम्ही सांगितलंत ना? मग झालं. झाकलेल्या रहाडीचा आजचा फोटो काय काढणार? हा शेवटचाच होता. आता नावं छापायला टाकतो." तो उठला, घुटमळला. "प्रदर्शनाला... याल ना? आण्णांना घेऊन?"

शेवटचाच, या शब्दानं तिची जीभ अशी चिकटली, की ती सुटेपर्यंत तो पूल ओलांडून गेला होता.

पुढचे चार दिवस मळ्यात रहाडीच्या फुलांची तोड चालू होती. श्वास घ्यायला फुरसत नव्हती. मोहिनी फुलं तोडत होती आणि मनातल्या मनात दिवसातून शंभर वेळा त्याला खरं सांगत होती.

प्रदर्शनाच्या संध्याकाळी ती आण्णांबरोबर हॉलच्या दारात पोचली, तेव्हा आतून आरडाओरडा ऐकू येत होता. समोरच्या भिंतीवर, सगळ्यांत मोठा, रहाडीचा फोटो. खाली ठसठशीत अक्षरांत, 'घंटा चौकाची रहाड'. आणि त्याच्यापुढं चिंचेच्या चौकातले काळूनाना, हातातली काठी परजत.

"आमची रहाड त्यांच्या नावावर? ह्यो चिरा बघा! ह्याच चिऱ्यावर लहानपणी माझं डोकं फुटलेलं हाय!"

"आता छापून आलंय म्हणजे बरोबरच असणार," घंटा चौकातला एक जण शांतपणे म्हणाला. यानं तर आगीत तेलच पडलं.

"कॅम्पातल्या माणसाला काय कळतंय रहाडीतलं?"

"उतरवा सगळे फोटो!"

"उतरवाच!"

समर्थ मधोमध उभा होता. इस्त्रीचा नवा शर्ट, चेहरा पांढराफटक. त्याची नजर गर्दीवरून फिरली, मोहिनीवर येऊन थांबली... आणि चटकन दुसरीकडं वळली.

"चूक माझी आहे," तो म्हणाला. "मी कुणाला नीट विचारलं नाही. माफ करा."

मोहिनीच्या लक्षात आलं. हा माणूस तिचं नाव घेणार नव्हता. चार महिन्यांची मेहनत भिंतीवरून उतरली असती, तरी घेणार नव्हता. आण्णा शेजारी उभे होते, अख्खा घाट जमला होता... आणि तिला एकाएकी कशाचीच भीती वाटेना.

"त्यांनी विचारलं होतं," ती मोठ्यानं म्हणाली. "मलाच विचारलं होतं. मी खोटं सांगितलं."

आण्णा सावकाश तिच्याकडं वळले.

"तुला ती रहाड ठाऊक नाही? दरसाल टेम्पो तिथंच उतरवतो आपण."

"ठाऊक आहे, आण्णा."

"मग?"

"खरं सांगितलं असतं तर फोटो संपले असते. यांचं येणं थांबलं असतं." तिनं समर्थकडं बघितलं. "आणि मला ते थांबायला नको होतं. मला हे आवडतात, आण्णा."

कुणीतरी खोकलं. मागून रंगूबाईचा आवाज आला, "बोलली बया एकदाची!"

समर्थच्या कानांचा रंग परत त्या पहिल्या दिवसासारखा झाला होता.

"काका, आता माझंही ऐका," तो आण्णांना म्हणाला. "काचा मुळात चौदाच होत्या. तेरा केव्हाच संपल्या. ही रहाडीची एक मी शेवटासाठी मागं ठेवली होती. मधला आठवडाभर मी... जुन्याच काचा पालथ्या ठेवून, कडा कापून, नवे फोटो म्हणून आणत होतो."

"काय?" मोहिनी ओरडली.

"मला वाटायचं, आज ओळखणार. आज नक्की रागावणार. तर तू म्हणायचीस, लक्षात येत नाही, उद्या या."

मोहिनीला आठवायला लागलं. पिंपळाखालच्या पायऱ्या. त्यातल्या बायका. त्यांचे पदर कुठल्या खांद्यावर होते? तिला आठवेना. आठवणार कसं, तिनं ते फोटो नीट बघितलेच नव्हते. ती फोटो धरणाऱ्याकडं बघत होती.

सगळ्यांत आधी हसले काळूनाना. काठी टेकून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. "म्हंजे ही दोघं एकमेकांला गंडवत व्हती, आन् रहाड गेली आमची! अरे पेन आना कुनीतरी." त्यांनी 'घंटा' खोडून वर स्वतःच्या हातानं वाकड्यातिकड्या अक्षरांत 'चिंचेच्या' लिहिलं. मग घंटा चौकातल्या त्याच माणसाकडं वळून म्हणाले, "उद्या येतो तुमच्याबी रहाडीत. एकच उडी. जास्त नाय." फोटो उतरवायचं आता कुणाच्याच ध्यानात नव्हतं.

पुंजारामआण्णा मात्र हसले नव्हते. ते समर्थला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळत होते, बाजारात दुसऱ्याचा माल पारखावा तसे.

"परवा मोकळे आहात?" त्यांनी विचारलं.

"हो, काका."

"मळ्यावर या सकाळी. आईवडलांना घेऊन."

"आईबाबांना? कशाला?" समर्थनं भाबडेपणानं विचारलं.

अख्ख्या हॉलनं कपाळावर हात मारून घेतला. मोहिनी गर्दीतून वाट काढत पुढं गेली आणि तिनं सगळ्यांसमोर त्याचा हात धरला.

"या म्हणालेत ना? मग यायचं," ती म्हणाली. "तिथं आल्यावर सांगते कशाला."

आण्णांनी ते बघितलं, उगाच टोपी नीट केली, आणि काळूनानांना चहा विचारायला वळले.