करडं अक्षर

सकाळचा चहा झाला की सांगलीच्या आवटींच्या घरात पाटी निघे. ही पाटी काचेची, पंचाहत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला सरकारनं दिलेली. तिच्या पोटात रोज पाच अक्षरांचा एक इंग्रजी शब्द दडलेला असे आणि तो सहा प्रयत्नांत ओळखायचा. अक्षर नेमक्या जागी पडलं तर हिरवं, शब्दात असून जागा चुकली तर पिवळं, शब्दात नसलंच तर करडं. मराठी पाटी लवकरच येणार होती. गेली काही वर्षं ती लवकरच येणार होती.

खेळ पोरकट दिसे, पण पाटीला शब्दाशी देणंघेणं नव्हतंच. माणूस कुठं रेंगाळतो, करडं झालेलं अक्षर विसरून पुन्हा लावतो का, यावरून ती त्याच्या स्मरणशक्तीचा आलेख काढी. त्याला स्मृतिलेख म्हणत. तो रेषेखाली गेला की स्वतःचे निर्णय घ्यायचा हक्क जाई आणि माणसाची रवानगी गावाबाहेरच्या स्मृतिनिवासात होई. जोडीदारानं रविवारी येऊन भेटून जायचं.

भालचंद्र आवटींचा स्मृतिलेख उत्तम होता. खुद्द भालचंद्र मात्र बायकोला ‘बाई’ म्हणत. शालनताई प्राथमिक शाळेत शिकवत तेव्हा अख्खी गल्लीच त्यांना बाई म्हणे, पण नवरा म्हणत नसे. आता त्याला नावच आठवत नव्हतं.

पाटीला समोर भालचंद्रांचा चेहरा लागे आणि काचेवर त्यांच्याच बोटाचा ठसा. पहिलीच्या पोरांचा हात धरून अक्षरं गिरवून घेण्यात शालनताईंची हयात गेली होती. त्यांनी तेच केलं. नवऱ्याचं बोट मुठीत धरायचं आणि शब्द सोडवायचा; बोट त्यांचं, डोकं बाईंचं. त्यासाठी मराठी शाळेच्या या बाई म्हातारपणी इंग्रजी शब्द घोकत बसल्या होत्या. त्यांची स्वतःची पंचाहत्तरी अजून लांब होती, म्हणून त्यांच्या नावाची पाटी घरात नव्हती.

त्या दिवशी पाटी काढायच्या आधीच दार वाजलं. स्मृतिकेंद्राच्या तपासनीस रेहाना मुजावर बाहेर उभ्या होत्या. शालनताईंनी त्यांना आत घेतलं.

“काकू, काकांचा लेख घसरायला लागलाय,” रेहाना बसता बसता म्हणाल्या. “आजचा शब्द माझ्यासमोर सोडवायचा.”

“त्यांचा हात कापतो हो. मी नुसता आधार देते.”

“द्या की. पुष्कळ जण देतात.”

शालनताईंनी नवऱ्याचं बोट धरलं. पहिला शब्द ठरलेला होता, ‘रेझ’; आर-ए-आय-एस-ई. त्यातला ई शेवटी हिरवा झाला, ए पिवळा, बाकीची अक्षरं करडी. मग ‘प्लेट’. एल आणि ए हिरवे झाले. पी आणि टी करडे. झालंच की आता, शालनताईंना वाटलं. तपासनीसबाईंची नजर मानेवर टोचत होती. त्यांनी बोट पुन्हा पीकडे नेलं. ते मध्येच ताठरलं. हात कापतोय असं समजून त्यांनी जरा जोर लावला आणि ‘प्लेन’ पुरा केला.

पी करडाच राहिला.

रेहानांनी हळूच पाटी उचलून बाजूला ठेवली. “दोन महिने हेच चाललंय. नुकतंच बाद झालेलं अक्षर परत येतंय.”

“वय झालं त्यांचं,” शालनताई घाईघाईनं म्हणाल्या. “पण घरात काही त्रास नाही हो. जेवतात, झोपतात. मला सोडून नाही राहायचे ते.”

“काकू, त्याआधी वर्षभर हा लेख चढत होता. नवी भाषा शिकणाऱ्या माणसाचा चढतो तसा. काका तर आयुष्यभर इंग्रजी कोडी सोडवत आलेले.” रेहानांनी आवाज खाली आणला. “कोण सोडवतंय ते मला तेव्हाच कळलं होतं. मी कुठं लिहिलं नाही. आज मी काकांसाठी आलेली नाही.”

शालनताईंना आधी पकडलं गेल्याची लाज वाटली, आणि मग त्या वाक्याचा अर्थ लागला. घसरत होता तो त्यांचाच लेख. दुधाचं पातेलं गॅसवर दोनदा करपलं होतं. शेजारणीचं नाव ओठावर येऊन परत गेलं होतं.

“औषध आहे,” रेहाना म्हणाल्या. “पण ते सुरुवातीलाच लागू पडतं. हा लेख तुमच्या नावावर केला तर उद्यापासून सुरू करता येईल.”

“आणि हे?”

“काकांना पाटी एकट्यानं सोडवावी लागेल. कुणी हात धरायचा नाही.”

इकडे आड, तिकडे विहीर. औषध घ्यावं तर नवरा स्मृतिनिवासात. न घ्यावं तर काही दिवसांनी दोघांचा हात धरायला कुणीच नाही. शालनताईंना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. भालचंद्र मात्र पाटीकडेच बघत होते.

तेव्हा शालनताईंना ते बोट आठवलं. पीकडे जाताना ताठरलेलं. काल, परवाही असंच ताठरलं होतं का? बाद झालेलं अक्षर भालचंद्रांना ठाऊक होतं, आणि आपणच रोज त्यांच्यावर जोर करत होतो का?

“अजून तीन प्रयत्न शिल्लक आहेत ना?” त्यांनी डोळे पुसत विचारलं.

रेहानांनी होकारार्थी मान हलवली. शालनताईंनी पाटी नवऱ्यापुढे सरकवली आणि आपला हात मांडीवर दाबून धरला.

“अहो, तुम्ही करा. आज बाई सांगणार नाहीत.”

बोट वर आलं, काचेपासून तसूभर अंतरावर थांबलं. ते पीवरून पुढे गेलं, पुढच्या अक्षरावर घुटमळलं, मग जरासं शालनताईंच्या बाजूला वळलं. दोघी बघत राहिल्या. ते बोट अक्षर शोधत होतं, की बायकोचा हात?