गाळलेली सूचना

दवाखान्याची लिफ्ट बंद पडली होती. तो मावशीला दोन्ही हातांवर उचलून जिने चढला आणि धापा टाकत दारात उभा राहिला. फिजिओथेरपिस्ट म्हणून तिने आधी मावशीकडे पाहायला हवं होतं... पाहिलं त्याच्याकडे. मग स्वतःवरच चिडून तिने खाटेवरची चादर नीट केली.

मावशीची कंबर धरली होती, एका पायात कळ उतरत होती. कशाने झालं, असं विचारल्यावर मावशीने कण्हतच मोबाइल पुढे केला. पडद्यावर एक तरुण संगीताच्या ठेक्यावर कमरेतून वाकून झटके देत होता, आणि कंबरदुखी कायमची पळवा, असं हसत सांगत होता. तोच तरुण आत्ता भिंतीला टेकून खाली मान घालून उभा होता.

"घरचंच पोर सांगतंय म्हटल्यावर डॉक्टरला काय विचारायचं?" मावशी म्हणाली.

फिजिओथेरपिस्ट रागावली नाही. मणक्यांमध्ये मऊ गादी असते, झिजलेल्या पाठीला असे झटके बसले की ती सरकते आणि नस दाबते, हे तिने त्याला लहान मुलाला सांगावं तसं हाताच्या मुठी एकावर एक ठेवून दाखवलं.

"माहीत होतं मला," तो हळूच म्हणाला. "दुखणं असेल त्यांनी करू नये, असं बोललोही होतो. मग ते कापलं... सूचना आली की लोक व्हिडिओ मध्येच सोडून जातात."

त्या खरेपणाने तिला एकाच वेळी संताप आला आणि बरंही वाटलं.

तो मावशीबरोबर रोज येऊ लागला. पाय कसा धरायचा, कुठे थांबायचं, ते शिकला.

"मॅडम, माझीही पाठ दुखते."

"कधी?"

"तुम्ही नुसतं मावशीकडेच बघता, तेव्हा."

मावशीने डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं. फिजिओथेरपिस्ट हसली; पण रात्री घरी तिने मोबाइल उघडला, तर तो व्हिडिओ तसाच होता, आणि बघणारे वाढतच होते. त्याच व्हिडिओमुळे त्याला व्यायामशाळेत काम मिळालं होतं. काढून टाकतो, काढून टाकतो, म्हणत तो दिवस ढकलत होता.

एका संध्याकाळी त्याने विचारलं, बाहेर भेटूया का? तिला हो म्हणायचं होतं.

"आज कुणाची तरी मावशी ते झटके देत असेल," ती म्हणाली. "तिला उचलून आणायला घरात कुणी असेलच, असं नाही."

"तो काढला तर माझ्याजवळ उरेल काय?"

"तेच मला बघायचंय."

तो निघून गेला. पुढचे काही दिवस मावशी शेजारणीबरोबर आली. तिने त्याच्याबद्दल विचारलं नाही, मावशीने सांगितलं नाही.

मग एका दुपारी जुना व्हिडिओ दिसेनासा झाला. त्या जागी तो साध्या खुर्चीत बसला होता, संगीत नव्हतं. माझ्या व्यायामाने माझ्या मावशीला चालता येईनासं झालं, आणि सूचना मी मुद्दाम कापली होती, असं तो अडखळत सांगत होता. खाली लोकांनी टिंगल मांडली होती.

दवाखाना बंद व्हायच्या वेळी तो दारात आला.

"काम गेलं," तो म्हणाला. "आणि बहुतेक लोक मध्येच सोडून गेले."

"मी शेवटपर्यंत पाहिला." तिने त्याचा थंडगार हात हातात घेतला. "आणि मी... सोडून जाणार नाहीये."