बुधवारचे बारा प्रश्न

फोन वाजला तेव्हा ती पावसाच्या भुरभुरीतून दोरीवरचे कपडे ओढून घेत होती. पलीकडचा आवाज म्हणाला, "मानसशास्त्र विभागातून बोलतोय. टाळेबंदीत विद्यार्थ्यांची झोप, हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. दर बुधवारी सकाळी अकराला बारा प्रश्न, सहा आठवडे. चालेल?"

मैत्रिणीने परस्पर नंबर देऊन टाकला होता. नाही म्हणायला तिने तोंड उघडलंही. पण त्या आवाजाला घाई नव्हती. "विचारा," ती म्हणून गेली.

तिचं रसायनशास्त्राचं शेवटचं वर्ष. परीक्षा होणार की नाही, कुणालाच ठाऊक नव्हतं. आई रुग्णालयात परिचारिका. ती घरी परतेपर्यंत ही खिडकीशी उभी. दिवा मालवला की झोप उडालेली. बाबा तिला घुबडबाई म्हणायचे आणि स्वतःही कुशी बदलत पडून राहायचे.

प्रश्न साधेच होते. कितीला पडलात, कितीदा जाग आली, कशाची भीती वाटली. पण तो उत्तराची वाट फार सुंदर बघायचा. मध्येच बोलणं नाही, सल्ला नाही. सल्ल्याला तर नियमानेच बंदी. फक्त पेनाची कुरकुर ऐकू यायची. असं जीव लावून ऐकणारं माणूस तिला भेटलं नव्हतं... आणि हाही कुठे भेटला होता!

तिसऱ्या बुधवारी आईबद्दलची भीती ती पहिल्यांदाच कुणाला तरी बोलली. त्या रात्री सात तास झोपली. श्वास चालू आहे ना, हे बाबा दोनदा येऊन बघून गेले म्हणे.

आणि इथेच तिने शहाणपण गहाण टाकलं. बरं वाटतंय म्हटलं, तर फोनच बंद झाला तर? चौथ्या बुधवारी तिने मोठी जांभई दिली. "तीनच तास." पाचव्या बुधवारी अडीच.

पण त्याच दिवशी तो बोलता बोलता म्हणाला, की त्याच्या मार्गदर्शक सरांना शंभर माणसं हवीत आणि एकही उत्तर कच्चं नको. त्या दुपारी तिला जेवण गेलं नाही. इतकं प्रामाणिक काम, आणि त्यात आपली लबाडी.

सहाव्या बुधवारी तिने त्याला पहिला प्रश्नही विचारू दिला नाही. "मी खोटं बोलले. छान झोपते मी. तुमचा प्रबंध..."

"माहीत आहे. अडीच तास झोपलेला माणूस इतका हसत नाही."

"मग लिहिलंत कशाला?"

"लिहिलं नाही. तुमचा फॉर्म चौथ्या आठवड्यातच बाद केला. आता नवा माणूस शोधायचा... पुन्हा सहा आठवडे."

तिला रडूच आलं. "माझ्या खोटेपणापायी."

"नाही हो. सरांना कारण लेखी दिलंय – या विद्यार्थिनीच्या बाबतीत संशोधक तटस्थ राहिलेला नाही. खाली माझी सही आहे."

ती हळूच म्हणाली, "म्हणजे त्यानंतरचे सगळे प्रश्न..."

"कुठल्याच कागदावर नाहीत," तो म्हणाला. खरंच, चौथ्या बुधवारनंतर पेनाची कुरकुर ऐकूच आली नव्हती, हे तिला आता आठवलं.

तिने ओल्या डोळ्यांनी हसू दाबलं. "उद्या गुरुवार आहे. फोन करा. आणि अकराला नको, आधी करा – मला हल्ली लवकर जाग येते."