दोघांसाठी घेतलेली खोली

केंड्रा, तो दिवा मालव बघू. किडे येतात आणि माझ्या चहात पडून जीव देतात. आणि वेस्ली, ओसरीच्या त्या कोपऱ्यातल्या झुलत्या खुर्चीत बसू नकोस. इकडं बाकावर ये. मिशा ठेवल्या म्हणजे माणूस भीत नाही असं थोडंच आहे!

ऐका आता. ज्याला पटणार नाही त्यानं सकाळी माझी गरम, पावासारखी मऊ बिस्किटं खायची नाहीत. बघते किती जण उपाशी राहतात ते.

गेल्याच्या गेल्या वर्षीची गोष्ट. ऑक्टोबरातला दुसरा शुक्रवार. दुपारी चारच्या सुमाराला मी पेट्रोलपंपावर गेले होते, उकडलेल्या शेंगा आणायला. आमच्या ह्या लिंडल स्प्रिंग्जमध्ये सगळं उलटंपालटं झालंय. न्हाव्याच्या दुकानात मेणबत्त्या विकतात, सूतगिरणीत चित्रं टांगतात, बँकेत मडकी मांडतात. शेंगा तेवढ्या अजून पंपावर मिळतात, देवाची कृपा. तर मी डबा भरून घेत होते आणि एक राखाडी गाडी येऊन थांबली. साठीची एक बाई उतरली. अंगानं काटकुळी. रविवारी चर्चला घालतात तसला निळा झगा, कडक इस्त्रीचा.

"मॅम, मिस यूला बॅगवेल यांचं घर कुठं आलं?"

मी म्हणलं, "त्या थेरडीचं? कशाला जाता तिथं! चमचे मोजून देते. आणि रात्री घोरते ती अशी, की भिंतीवरच्या तसबिरी वाकड्या होतात."

बाई गोंधळली. "पण माझ्या नवऱ्यानं तिथंच खोली घेतली आहे."

"मग त्याला पाठवा पुढं. दोन शिव्या तो खाईल, तुम्ही मागनं निवांत या."

ती म्हणाली, "तो नाही आला. मी एकटीच आहे."

मी जीभ चावली आणि रस्ता सांगितला. पण खोड जाते होय? मागच्या बोळातनं माझं खटारं असं पिटाळलं, की ती दारात पोचली तेव्हा एप्रन बांधून मीच उभी. "या, या. थेरडीच्या घरी स्वागत आहे."

तेव्हा हसली. चांगली खळखळून हसली. आणि मग एकदम तोंडावर हात धरला, हसायला मनाई असल्यासारखा.

नाव व्हर्डी कॅसलबेरी. मोंटगोमेरीकडची. एकतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना वाढलेलं. मला तिचा नवरा आठवत होता, म्हणजे फोनवरचा आवाज. जूनमध्ये फोन केला होता त्यानं. "मिस यूला, दोघांसाठी खोली हवी. तिला कळता कामा नये हं. चाळीस वर्षं कटकट करते, तिथली चित्रं बघायचीत म्हणून. मी म्हणायचो, वाकडी मडकी बघायला एवढं पेट्रोल कोण जाळतो? आता म्हणलं जाळूच." हॉलिस त्याचं नाव. मोठ्या घशाचा माणूस; अंगानंही जाडजूड, 'पलंग भक्कम द्या' म्हणालेला. हसला की फोन कानापासनं लांब धरायला लागायचा.

ऑगस्टमध्ये गेला तो. परसात, सकाळी नऊ वाजता. त्याच्या शर्टाच्या खिशात तिला चिठ्ठी सापडली, माझा पत्ता लिहिलेली.

"रद्द करायला फोन उचलला होता मी," जेवताना ती म्हणाली. "पण 'आम्ही दोघं येणार नाही' एवढं बोलायला तोंडच उघडेना. मग म्हणलं, निदान एक तरी जावं."

आता माझं पाप सांगते.

माझी आई म्हणायची, रिकामी झुलती खुर्ची हलवायची नाही. कधी नाही. हलवलीस की कुणाला तरी बोलावणं जातं, आणि येणारा कोण ते आपल्या हातात नसतं. लहानपणी एकदा मी पायानं ढकलली होती, तर पीचच्या झाडाच्या फोकानं पोटऱ्या सोलून काढल्या तिनं. पण पुढं हे शहरातले लोक यायला लागले. शनिवार-रविवार. त्यांना चित्रं हवीत, मडकी हवीत आणि रात्री एक भूत हवं. जुनं घर आहे म्हणल्यावर भूत नाही कसं? मग मी काय केलं, मासे धरायची तंगूस घेतली, त्या खुर्चीच्या पायाला बांधली, भिंतीच्या कडेनं नेली आणि जाळीच्या दाराखालनं स्वयंपाकघरात काढली. रात्री भांडी घासता घासता एक हिसका द्यायचा. बाहेर किंकाळी! लोक खूश. पुढच्या वर्षी मित्रांना घेऊन हजर.

काय शोधतोयस वेस्ली वाकून? आता नाही तिथं काही. काढून टाकली.

"मिस यूला, खरंच काढली?"

हो रे बाबा. गप बस आणि ऐक.

तर त्या रात्री. नऊ वाजून दहा मिनिटं. स्वयंपाकघरातलं अंधारात चमकणाऱ्या काट्यांचं घड्याळ माझ्या डोळ्यासमोर होतं म्हणून सांगते. व्हर्डी इथं, ह्याच बाकावर बसलेली. मांडीवर चहाचा पेला. खुर्ची तिथं. मी आत, जाळीच्या दारामागं, दिवा घालवून. खरं सांगते, तिला भिववायचं नव्हतं मला. हाताला सवय. मनात म्हणलं, जरा दचकेल, मग मी बाहेर जाऊन सांगेन, दोघी हसू. हसताना बरी दिसते.

ओढली तंगूस.

खुर्ची झुलली. किंकाळी नाही. काही नाही. मी थांबले. परत ओढली.

तेव्हा ती म्हणाली, "हॉलिस, गुडघा कसा आहे रे तुझा?"

आता बाहेर कुठल्या तोंडानं जायचं? आणि सोडायची तरी कशी? खुर्ची थांबली की तिचा माणूस पुन्हा गेला. मग ओढत राहिले. हळू. जाडजूड माणूस झुलेल तशी. डोळ्यातनं पाणी येतंय आणि हात चाललाय.

ती बोलत होती. संध्याकाळी गावात बघितलेलं सगळं. "सूतगिरणीत एक चित्र बघितलं. खेचर काढलंय, तीनच पायांचं. मी विचारलं, चौथा कुठं? तर तो पोरगा म्हणतो, चौथा तुम्ही मनात काढायचा. तू असतास तर म्हणाला असतास, मग निम्मे पैसे पण मनातच घे." हसली. एकटीच. मग म्हणाली, "फार चांगली आहेत रे चित्रं. तुला आवडली नसती. पण मला आवडतायत हे बघायला तुला आवडलं असतं."

मग तिनं चहाचा एक घोट घेतला.



"त्या सकाळी तू हाक मारलीस. दोनदा." आवाज बदलला तिचा. "मी ऐकलं होतं, हॉलिस."

मी ओढायची थांबले.

"आदल्या रात्री भांडलो होतो. कशावरनं, ते आता आठवत पण नाही. मला वाटलं, चहा मागतोय. म्हणलं, घे की स्वतः. आणि रेडिओ मोठा केला. दहा मिनिटांनी बाहेर आले तर..." पेला खाली ठेवल्याचा आवाज आला. "पोरं विचारतात, मम्मा, पप्पांनी हाक नाही मारली का? मी म्हणते, नाही रे. गपकन गेला. तीन पोरांना तीनदा खोटं सांगितलं. एकच सांग मला. तुला कळलं होतं का? मला ऐकू येतंय आणि मी येत नाहीये... हे कळलं होतं का तुला? कळलं असेल तर हल."

आता तुम्हीच सांगा, मी काय करायचं होतं. ओढली, तर जन्मभराचा निखारा तिच्या पदरात. नाही ओढली, तर मेलेल्या माणसाच्या नावानं मी खोटं बोलले. तो माझा नवरा नाही. ती माझी हाक नाही. मी कोण?

सोडली मी तंगूस. खाली पडली, फरशीवर. मी दोन्ही हात वर केले. कुणी पिस्तूल रोखावं तसे.

खुर्ची थांबलेली होती.

बाहेर रातकिडे ओरडत होते. ते थांबले. सगळे. एकदम.

आणि खुर्ची हलली.

पुढं.

मागं.

वारा नव्हता. टांगलेल्या कुंडीतलं पान हलत नव्हतं. तंगूस माझ्या पायाशी... ढिली. वेटोळं होऊन पडलेली.

पुढं. मागं.

"कळलं होतं," व्हर्डी म्हणाली. अगदी बारीक आवाजात. रडली नाही. "मग... रागावलायस? रागावला असशील तर... तसाच हलत राहा."

खुर्ची मागं गेली.

आणि तिथंच थांबली.

मागं कललेली. पुढं येईना. पाय टेकून कुणी धरून ठेवावी तशी... मी घड्याळाकडं बघत होते, खुर्चीकडं बघायची छाती नव्हती. नऊ बावीस. नऊ तेवीस. नऊ चोवीस...

मग हळूच खाली आली. आवाज न करता. झोपलेलं माणूस जागं होऊ नये म्हणून आणावी, तशी.

काय झालं केंड्रा? डोळे पूस. अजून संपलं नाही.

सकाळी व्हर्डी नाश्त्याला आली. दोन बिस्किटं खाल्ली, वर काकवी घेतली. आणि मला म्हणते, "मिस यूला, तंगूस चांगली मजबूत आहे. कुठनं आणलीत?"

माझ्या हातातला चमचा पडला.

"एकतीस वर्षं पोरांच्या खोड्या बघितल्यात मी," ती म्हणाली. "खुर्चीला बांधलेली दोरी मला दिसणार नाही? बसतानाच दिसली."

"मग बोलत का बसलात, बाई?"

"दोरीच्या पलीकडच्या टोकाला कुणीतरी ऐकत होतं ना. घरी कुणाला सांगू? आणि एक सांगते. दुसरी कुणी असती, तर मला बरं वाटावं म्हणून खुर्ची हलवलीच नसती. तुम्ही हलवलीत. लागलं ते. पण असंच असणार हे मला माहीत होतं. आणि तुम्ही तिथं खोटं बोलला नाहीत, म्हणून तो रागावला नाही, हेही खरं मानावंसं वाटतंय."

पोरांनो, मी जन्मभर थापा मारल्या. पाद्र्याला मारल्या, नवऱ्याला मारल्या, वर गेल्यावर तिथंही मारीन. गप्प बसले असते तर काय बिघडलं असतं? ती आपली समाधानानं चालली होती. पण राहवलं नाही.

म्हणलं, "मिस व्हर्डी, तुम्ही विचारलंत तेव्हा दोरी माझ्या हातात नव्हती. सोडली होती मी."

"कुठल्या प्रश्नाला?"

"पहिल्याच."

तिनं कप खाली ठेवला.

"दोन्ही वेळा...?"

"दोन्ही वेळा मी हलवली नव्हती."

माझ्या तोंडाकडं बघत राहिली. थट्टा शोधत होती. ह्या तोंडावर ती नेहमी असते ना. त्या दिवशी नव्हती.

"शपथ घ्या."

"आईची."

वर गेली, बॅग भरली. रविवारपर्यंत राहायची होती, शनिवारी दहालाच निघाली. पायरीवर मला एवढंच म्हणाली, "घरी जाते. पोरांना खरं काय ते सांगायचंय."

पहाटे पाऊस शिंतडून गेलेला. अंगणातली लाल माती मऊ, लोण्यासारखी. तिची बॅग मीच गाडीत ठेवली. मग ती गाडीला वळसा घालून पलीकडं गेली. शेजारच्या सीटचं दार उघडलं. आणि धरून उभी राहिली. घाई नाही. मोठ्या अंगाच्या माणसाला वाकून, पाय आत घेऊन नीट बसायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ. मग दार हळूच लावलं. वरनं तळहातानं दोनदा थोपटलं. इकडं आली, बसली, गेली.

"वेड लागलं होतं का तिला?"

वेस्ली, दुःख कुठलं आणि वेड कुठलं, हे मिशा पिकल्यावर कळतं. थांब जरा.

गाडी वळली, तरी मी तिथंच उभी. मग खाली बघितलं. गाडी जिथनं निघाली, तिथली चाकांची खूण. तिच्या बाजूची बघितली. नुसती उमटलेली. मग दुसऱ्या, शेजारच्या सीटच्या बाजूची बघितली...

"बॅग असेल ना त्या बाजूला."

बॅग तिच्या मागच्या सीटवर होती. तिच्याच बाजूला. मी ठेवली होती म्हणलं ना?

मी गुडघे टेकले आणि त्या खुणेत बोट घातलं. केंड्रा, तुझं बोट दे इकडं. घाबरू नकोस, दे. हे मधलं.

इथपर्यंत गेलं, पार मुळापर्यंत.