दिव्याच्या अवसेला लागलेलं जपानी गाणं

देवापुढं बसणारी बाई मी, खोटं सांगून मला काय मिळणार? हे घडलं माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या, सत्यभामाबाईंच्या घरात. गाव खटकचिंचोळी. मागच्या आषाढातली दिव्याची अवस, दिवेलागणीची वेळ.

त्या दिवशी आमच्याकडं घरातले सगळे दिवे घासून पाटावर मांडतात. कणकेचाही एक दिवा करतात. त्यानं आई लेकराला ओवाळते. ओवाळून होईस्तोवर तो विझू द्यायचा नसतो.

जाऊबाईंनी दिवे लावले. लेक स्नेहा गुलबर्ग्याहून कॉलेजच्या सुट्टीला आलेली. टीव्हीवर एका जपानी रॉक बँडचं गाणं लावून बसली होती.

"काय बघायलीस गं?"

"लई गाजलंय हे, आई. चौघं वाजवायलेत, भोवती दिवे. एक दिवा विझला की एक माणूस गायब. शेवटी समदा अंधार."

"अवसेला हेच सापडलं व्हय तुला?"

"तुझी अवस जपान्यांना कोण सांगणार?"

जाऊबाई हसल्या.

पडद्यावर पहिला दिवा विझला. ड्रमवाला दिसेना झाला.

आणि पाटावरची समई... विझली.

वारा नव्हता. तेल काठोकाठ होतं.

पडद्यावर दुसरा विझला. पाटावरची निरांजनं... सगळी एकदम.

"बंद कर ते."

रिमोट चालेना. स्नेहानं वायरच ओढली. पडदा काळा झाला.

गाणं मात्र... चालूच राहिलं.

लामणदिवाही गेला.

उरला कणकेचा दिवा. स्नेहाचा.

"आई... मला माझे हात दिसंना झालेत."

जाऊबाईंनी वळून पाहिलं. त्या उजेडात पाट दिसत होता, दार दिसत होतं. स्नेहाच्या जागी नुसती भिंत.

जाऊबाई ओरडल्या नाहीत. हिरव्या बांगड्यांचा उजवा हात पुढं करून तळव्यानं ज्योतीला आडोसा धरला. तळव्यावर कुणीतरी फुंकर घातली. बर्फासारखी गार.

"फुंक," त्या म्हणाल्या. "किती फुंकायचं तेवढं फुंक. माझं ओवाळायचं राहिलंय."

डाव्या हातानं त्या दिव्याचं ताट उचललं. त्या रिकाम्या जागेला ओवाळलं. घाई न करता, पुरं ओवाळलं.

गाणं मधेच तुटलं.

मग त्यांनी कुंकवाचं बोट भिंतीकडं नेलं...

बोटाला कपाळ लागलं. घामानं ओलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच स्नेहाला तो व्हिडिओ मोबाईलवर लावायला सांगितला. "लाव. भ्यायलीस कामून?"

या खेपेला शेवटी अंधार झालाच नाही. एक ज्योत उरली. तिला आडोसा धरलेला एक तळवा. मनगटात हिरव्या काचेच्या बांगड्या.

स्नेहाच्या मैत्रिणी म्हणतात, ते पहिल्यापासून तसंच आहे.

गाणं अजून गाजतंय, रोज कुणाच्या ना कुणाच्या घरी लागतंय. भाकरी थापता थापता जाऊबाईंचा तळवा एकाएकी गार पडतो. मग त्या थांबतात. हात वाकवून धरतात, कशाला तरी आडोसा धरल्यासारखा. कुणाच्या लेकरासाठी, त्यांनाही ठाऊक नाही.

परवा मी म्हणाले, "अक्का, पुरे आता."

"पुरे कसं?" त्या हात न हलवता म्हणाल्या. "ते अजून फुंकायलंय."